झोपलेल्या माणसाला सूचना

सिगारेट बोटांत असते तोवर घराला तिच्यापासून फारसा धोका नसतो. धोका सुरू होतो ती बोटांतून सुटते तेव्हा. आणि ती सुटते बहुधा ओढणाऱ्याला डुलकी लागली म्हणून, तो प्यायलेला असतो म्हणून, नाहीतर औषधाच्या गुंगीत असतो म्हणून. आपला सगळा उपदेश मात्र जाग्या, शुद्धीवरच्या माणसाला उद्देशून असतो. अंथरुणात ओढू नका, थोटूक नीट विझवा, लक्ष ठेवा. ज्या घटकेला हे ऐकायला हवं, त्या घटकेला ऐकणाराच जागेवर नसतो. म्हणून धूम्रपानातून घरांना लागणाऱ्या आगी रोखायच्या तर ओढणाऱ्याच्या सावधपणावर विसंबणं सोडलं पाहिजे, असं मला वाटतं. वस्तू बदलली पाहिजे आणि घरातली तिची जागा बदलली पाहिजे. पहिली गोष्ट जगात बऱ्याच ठिकाणी होऊन गेली, आपल्याकडे तिची चर्चाही नाही. दुसरी पूर्णपणे आपल्या हातात आहे, पण तिच्या आड आपली लाज येते.

जळत्या सिगारेटचं टोक नुसतं पडून असलं तरी ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. झुरका घेतला की ९०० च्या घरात जातं. ते गादीवर पडलं म्हणून लगेच ज्वाळा उठत नाहीत. चादर काळी पडते, खालचा कापूस धुमसायला लागतो. हे धुमसणं अर्धा तास चालतं, तासभर चालतं, कधी त्याहून जास्त. मग आत पुरेशी धग साठली, वारा मिळाला, की एकाएकी पेट घेतो. तोवर खोलीत कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो. त्याला वास नाही. धुराला वास आहे, पण गाढ झोपेतलं नाक राखणीला ठेवण्याच्या लायकीचं नसतं. अशा आगीत गेलेल्यांपैकी अनेकांनी ज्वाळा पाहिलेलीच नसते.

यात आपल्या घरांची अडचण म्हणजे कापूस. लोकर सिगारेटच्या टोकाला सहसा दाद देत नाही, पॉलिएस्टर वितळून मागे सरतं, कापूस मात्र निमूट धुमसत राहतो. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी, जुन्या लुगड्यांची गोधडी, लोड, तक्के हे सगळं धुमसणाऱ्या आगीचं आवडतं खाद्य. फोमची गादी आली तरी वर चादर सुतीच असते, म्हणजे धुमसायला सूत आणि ज्वाळा धरल्यावर धावायला फोम. विदर्भ-मराठवाड्यात भाव चढेल या आशेने वेचणीचा कापूस राहत्या घरातल्याच एखाद्या खोलीत वरपर्यंत भरून ठेवतात, आणि त्याच घराच्या ओसरीवर संध्याकाळी विड्या पेटतात. कापसाच्या ढिगात शिरलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

मुंबईने हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोटकं होती आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गासड्या. आग आधी कापसात लागली. कुणाच्या तरी विडी-सिगारेटने लागली असावी हा तर्क तेव्हापासून चालत आला आहे, सिद्ध मात्र झालेला नाही. त्या दिवशी कामी आलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या आठवड्यात शाळांत, कारखान्यांत प्रात्यक्षिकं होतात, पत्रकं वाटली जातात. पत्रकातल्या सूचना पुन्हा जाग्या माणसालाच.

वस्तू बदलण्याची कल्पना अमेरिकेत फार लवकर सुचली होती. १९२९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावी सिगारेटमुळे आग लागली. तिथल्या खासदार ईडिथ नर्स रॉजर्स यांनी सरकारी मानक संस्थेकडे आपोआप विझणाऱ्या सिगारेटची मागणी केली. तीन वर्षांत, म्हणजे १९३२ मध्ये, संस्थेने तशी सिगारेट करूनही दाखवली. पुढे काही झालं नाही. त्याच राज्यातल्या वेस्टवूडमध्ये १९७९ साली सिगारेटच्या आगीत आई, वडील आणि पाच मुलं असं अख्खं कुटुंब गेलं, तेव्हा जो मोकली या खासदारांनी हा विषय पुन्हा हातात घेतला. १९८४ मध्ये अभ्यासगट नेमणारा कायदा झाला. अभ्यासगटाने १९८७ मध्ये सांगितलं की अशी सिगारेट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे: तंबाखू थोडी सैल भरा, जाडी कमी करा, कागद कमी सच्छिद्र वापरा, आणि कागद जळत राहावा म्हणून त्यात घातलेले सायट्रेटचे क्षार काढून टाका.

हे शेवटचं कलम मला महत्त्वाचं वाटतं. खाली ठेवलेली सिगारेट शेवटपर्यंत जळत राहते, ही तंबाखूच्या पानाची प्रकृती आहे असं आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात कागदाची सच्छिद्रता ठरवलेली असते, त्यातले क्षार मोजून घातलेले असतात. सिगारेटचं न विझणं कारखान्यात घडवलेलं आहे, तेव्हा ते तिथेच बिघडवताही येतं.

आणि बिघडवलंच शेवटी. आज ज्या देशांत नियम आहे तिथल्या सिगारेटच्या कागदावर दोन-तीन ठिकाणी कमी सच्छिद्र पट्टे असतात. ओढणारा झुरके घेत असला तर आग पट्टा ओलांडते. सिगारेट नुसती पडून राहिली तर पट्ट्यापाशी हवा कमी पडते आणि ती बहुधा तिथेच विझते. चाचणी अगदी साधी आहे. गाळणकागदाच्या दहा थरांवर ४० जळत्या सिगारेटी एकेक करून ठेवायच्या, त्यातल्या १० पेक्षा जास्त पूर्ण जळता कामा नयेत. न्यू यॉर्क राज्याने जून २००४ मध्ये हा नियम लागू केला. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅनडा हा असा नियम करणारा पहिला देश ठरला. २०११ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात युरोपीय संघात तो आला. सरकारी प्रयोगशाळेत नमुना तयार झाल्यापासून पहिल्या कायद्याच्या अंमलापर्यंत ७२ वर्षं गेली. मोकली २००१ मध्येच वारले.

या ७२ वर्षांत सिगारेट उद्योगाचं म्हणणं काय होतं? ‘निष्काळजी माणूस’ हेच. आग सिगारेटने लागत नाही, बेफिकीर ओढणाऱ्याने लागते. आणि जळतं ते फर्निचर, तेव्हा सुधारायचं असेल तर फर्निचर सुधारा. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये सोफ्यातल्या फोमने छोट्या ज्वाळेसमोर १२ सेकंद टिकलं पाहिजे असा नियम केला आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या फोममध्ये आग रोखणारी रसायनं किलोकिलोने भरली गेली. त्यांपैकी काही रसायनं घरातल्या धुळीत उतरली, लोकांच्या रक्तात आणि आईच्या दुधात सापडली. ‘शिकागो ट्रिब्यून’ने २०१२ मध्ये लेखमाला लिहून दाखवून दिलं की तंबाखू कंपन्यांनी राज्यांच्या अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संघटनेशी पद्धतशीर सूत जमवलं होतं, जेणेकरून सगळ्यांचं बोट सिगारेटऐवजी सोफ्याकडे वळावं. या संघटनेच्या उभारणीत तंबाखू उद्योगाच्या संस्थेचे एक माजी उपाध्यक्षच होते. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये नियम बदलून ज्वाळेऐवजी धुमसण्याची चाचणी आणली. जी आग प्रत्यक्षात लागते तिचीच चाचणी घ्यावी, हे सुचायला एवढी वर्षं लागली.

माणसाला दोष देणं सोपं असतं आणि अर्धं खरंही असतं, म्हणूनच ते इतकं टिकतं. पण त्या दोषाचं पुढे करायचं काय? अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या अंदाजानुसार २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या घरांच्या आगींपैकी फक्त ५ टक्के धूम्रपानातून लागल्या होत्या, पण घरांच्या आगींतले २३ टक्के मृत्यू या आगींत झाले. म्हणजे या आगी लागतात कमी आणि मारतात जास्त. शिवाय अशा आगीत मरणाऱ्या चारांपैकी एक माणूस ती सिगारेट ओढणारा नसतोच. ते ओढणाऱ्याचं मूल असतं, बायको असते, शेजारी असतो. ‘आपल्या कर्माने गेला’ हे वाक्य या चौथ्या माणसाला लावून पाहावं.

नव्या सिगारेटचा उपयोग झाला का? मॅसॅच्युसेट्समधल्या आगींच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात, कायद्यानंतर सिगारेटमुळे घराला आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. चमत्कार नव्हे. पट्टा ओलांडून जळत जाणारी सिगारेट असतेच, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या भागाने गोधडी धुमसू शकतेच. विझणारी सिगारेट हाती आली की माणूस आणखी बेफिकीर होईल, या आक्षेपात मात्र मला दम वाटत नाही. झोपेत हात सैल पडणारा माणूस आधी कागदाची जात पाहून मग सैल पडत नाही.

आता आपल्याकडे. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यात, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, जाहिरातबंदी आहे, पाकिटावरचा इशारा आहे, शाळेपासूनचं अंतर आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले. सिगारेट पडून राहिली तर विझावी की नाही, याबद्दल त्या कायद्यात अक्षर नाही. हा सगळा विचार फुप्फुसांचा आहे, गादीचा नाही. महाराष्ट्रात ६ डिसेंबर २००८ पासून आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे; पण त्याचा रोख इमारतीवर, यंत्रणेवर, दाखल्यावर. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या अखेरीस जोराने पुढे आल्या आणि दोन्हींच्या मधून जळतं थोटूक अलगद निसटलं.

इथे विडीची गंमत सांगायला हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशात ७.७ टक्के प्रौढ विडी ओढतात आणि ४ टक्के सिगारेट. विडीच्या तेंदूपानातून हवा फारशी आत जात नाही, त्यामुळे झुरके थांबले की ती विझते. ओढणारा वैतागून पुन्हा काडी ओढतो. म्हणजे जो गुण सिगारेटमध्ये आणायला प्रयोगशाळा, खासदार आणि न्यू यॉर्कची विधानसभा लागली, तो सिन्नरच्या कारखान्यात वळलेल्या विडीत आधीपासून होता. यावरून विडीची आरती ओवाळायची नाही. फुप्फुसांना ती सिगारेटइतकीच वाईट. आणि तिचा धोका टोकाकडून काडीकडे सरकतो, एवढंच. एका विडीला तीन काड्या, प्रत्येक काडी कुठेतरी फेकलेली. शेजारी कडब्याची गंजी. पहाटे उठून दिवा न लावता पहिली विडी पेटवणारा, आणि रात्रभर गळलेला सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचलेलं स्वयंपाकघर. अशा ठिकाणी भडका उडवते ती काडीची किंवा लायटरची ज्योत.

महाराष्ट्रात धूम्रपान तसं कमी. त्याच पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करताना आढळले. बाकी आपली मदार मळलेल्या तंबाखूवर. पण ३.८ टक्के म्हणजेही तीस लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यांच्या मागे तेवढी घरं. त्यांतल्या किती घरांत आग विडी-सिगारेटने लागली हे आपल्याला कळण्याची वाट तशी बंदच असते. पेपरात दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं: आगीचं कारण शॉर्टसर्किट असल्याचा प्राथमिक अंदाज. हा अंदाज कुणालाच अडचणीचा नसतो. वायरीला अब्रू नसते. गेलेल्या माणसाच्या उशाशी सिगारेटचं पाकीट होतं हे पंचनाम्यात यावं असं घरच्यांना वाटत नाही, आणि विमा असला तर मुळीच वाटत नाही.

हा अब्रूचाच प्रश्न आग लागण्याच्या आधीही असतो. मराठी मध्यमवर्गीय घरात सिगारेट ओढली जात नाही. ती फक्त संडासात, गच्चीवर, जिन्याच्या वळणावर आणि बाल्कनीत ओढली जाते. वडिलांना ठाऊक असतं, मुलाला ठाऊक असतं की वडिलांना ठाऊक आहे, आणि दोघंही आयुष्यभर हे नाटक नीट वठवतात. बाई ओढणारी असेल तर नाटकाचे अंक वाढतात. या नाटकात ॲशट्रेला जागा नाही, कारण टेबलावर ॲशट्रे ठेवणं म्हणजे कबुली. मग राख जाते कुंडीत, थोटूक जातं खिडकीबाहेर. दाराची कडी वाजली की जळती सिगारेट विझवायला वेळ नसतो, ती फेकावी लागते. फेकलेली सिगारेट कुठे पडते ते फेकणारा पाहत नाही: खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यावर, ग्रिलमध्ये कोंबलेल्या रद्दीवर, पावसाळ्यासाठी बांधलेल्या ताडपत्रीवर, नाहीतर इमारतीच्या डक्टमध्ये, जिथे वर्षानुवर्षांचा कचरा सुकून बसलेला असतो.

कुंडीचं तर वेगळंच. हल्ली बाल्कनीतल्या कुंड्यांत निम्मं कोकोपीट असतं. ते ओलं असतं तोवर ठीक. गावाला जाऊन आठवडा झाला, कोरडं पडलं, की ते मातीसारखं वागत नाही. त्यात खोचलेलं थोटूक विझल्यासारखं दिसतं आणि आत तासन्‌तास धुमसू शकतं. शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची असतेच.

हा लपवाछपवीचा खेळ आगीच्या दृष्टीने उघड ओढण्यापेक्षा वाईट आहे, असं माझं मत आहे, आणि ते अनेकांना पटणार नाही. घरात ॲशट्रे ठेवली तर मुलं शिकतील, असं म्हणतात. मुलं वासावरून शिकलेली असतात. सगळ्यात चांगलं म्हणजे सोडणं, याबद्दल वाद नाही. सोडली की हा लेखच नको. पण सोडायला कित्येकांना वर्षं लागतात, आणि मधल्या वर्षांत घर जळू नये याची तजवीज ‘सोड म्हणून सांगितलंय ना’ या वाक्याने होत नाही. एकदा घरात बसून उघड बोलावं: ओढायची ती घराबाहेर, उभ्याने, अमुक एका जागी, तिथे एक जड, खोल, रुंद तोंडाचं भांडं, तळाशी पाणी किंवा वाळू, ते कचऱ्याच्या डब्यात रिकामं करण्याआधी भिजवायचं. ‘उभ्याने’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. उभ्या माणसाला गादी नसते आणि झोप लागायची सोय नसते. दारू प्यायलेल्या रात्री पाकीट आणि लायटर दुसऱ्याच्या ताब्यात. झोपण्याच्या खोलीत धुराचा अलार्म, तोही फोडणीने ओरडणार नाही इतका स्वयंपाकघरापासून लांब. दिवाणखान्यात बसवला तर उदबत्तीने वाजून वाजून दुसऱ्याच आठवड्यात त्याचा सेल काढला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

गृहनिर्माण सोसायट्यांनाही हेच लागू. जिन्यात पाटी असते: ‘येथे थोटके टाकू नयेत, आदेशावरून.’ पाटीखाली थोटकं असतात. गच्चीच्या दाराशी वाळूचं एक भांडं ठेवावं असं सभेत कुणी सुचवलं, तर ‘म्हणजे आपण परवानगी देतोय का?’ असा प्रश्न येतो आणि विषय पाण्याच्या टाकीकडे वळतो. ज्या इमारतींत लाल बादल्या अजून टिकून आहेत, तिथे वाळूवर पानाच्या पिचकाऱ्या असतात. बंदी कागदावर आणि विस्तव डक्टमध्ये, ही आपली सर्वमान्य तडजोड.

मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर, ज्यात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर १४ जण गेले, अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांकडे बोट दाखवलं गेलं आणि राज्याने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली. म्हणजे विस्तव दिसला, तो सार्वजनिक जागेत दिसला, मेलेले तरुण होते, की आपण वस्तूवर कायदा करू शकतो. घरात धुमसणाऱ्या सिगारेटसाठी तशी मागणी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. पट्टेवाला कागद हे काही गूढ तंत्र नव्हे. फिलिप मॉरिसने २००० सालीच आपल्या एका ब्रँडला तो लावला होता. न्यू यॉर्कमध्ये नियम आल्यावर सिगारेटची विक्रीही कोसळली नाही, त्यामुळे महसुलाची भीतीही पोकळ. युरोपात जाणारा माल पट्ट्यांचा आणि इथला बिनपट्ट्यांचा असायला काही कारण उरत नाही.

सगळ्यात बिकट घर मात्र वेगळंच आहे. २०२१ नंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र आपल्या घरांच्या ओळखीचं झालं. ते आता बहुतेक वेळा फुप्फुसं थकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी असतं, आणि त्याची फुप्फुसं अनेकदा विडी-सिगारेटनेच थकलेली असतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण त्याने भिजलेलं सगळं झपाट्याने जळतं: नाकातली नळी, बंडी, उशी, मिशा. यंत्र बंद केल्यावरही काही वेळ कपड्यांत तो मुरलेला असतो. आणि आजोबांना दुपारी एक झुरका हवाच असतो. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असतं. सुनेने पाहिलेलं असतं, पण सासऱ्यांना बोलायचं कसं. इंग्लंडमध्ये घरी प्राणवायू देताना नळीत एक छोटा जोड बसवणं सक्तीचं आहे; नळीने पेट घेतला की तो प्राणवायूचा प्रवाह तोडतो. कुणी जागं असो वा नसो. यंत्र भाड्याने आणताना हा जोड मागावा. दुकानदार ‘तसलं काही नसतं’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात विचारावं. आणि तोवर त्या खोलीतल्या काडेपेट्या, लायटर आणि गादीखालचं बंडल उचलून बाहेर न्यायचं काम सुनेवर न टाकता मुलाने स्वतः करावं, वडिलांच्या देखत.